मधुमेहातला मूत्रपिंडविकार घराण्यातून येतो का? वडिलांचे डायलिसिस आणि आम्हा भावंडांपुढचे प्रश्न

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६६ आहे. त्यांना २३ वर्षांपासून मधुमेह असून गेल्या दिवाळीपासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावे लागते. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, मधुमेहीच होती. शेवटच्या दिवसांत तिच्या पायांवर आणि चेहऱ्यावर सूज असे, आणि ‘साखरेने तिच्या किडन्या गेल्या’ असे घरात आजही सांगितले जाते. थोरल्या काकांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) चार वर्षांपासून वाढत आहे. उलट माझ्या आत्याला २८ वर्षांपासून मधुमेह आहे, पथ्याच्या बाबतीत ती वडिलांपेक्षा कधीच काटेकोर नव्हती, तरीही तिचे क्रिएटिनिन ०.९ आहे आणि डोळेही ठीक आहेत. एकाच घरात वाढलेल्या तीन भावंडांमध्ये इतका फरक कसा पडावा, हे मला उमगत नाही.

मी ४१ वर्षांचा आहे आणि मला तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. धाकट्या भावाला (३७) गेल्या वर्षी निघाला. सर्वांत धाकटी बहीण (३१) अद्याप निरोगी असून वडिलांना मूत्रपिंड देण्याचा तिचा हट्ट आहे. आईचे वय ६० आहे आणि तीही द्यायला तयार आहे.

माझे प्रश्न असे आहेत. मधुमेह आनुवंशिक असतो हे ठाऊक आहे, पण मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडण्याचा कल वेगळा, स्वतंत्रपणे वारशाने येतो का? एका प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने आम्हा दोघा भावांना अठरा हजार रुपयांची जनुकीय तपासणी सुचवली आहे आणि तिच्यातून ‘किडनीचा धोका’ कळेल असे सांगितले आहे. ती करावी का? आणि घराण्याचा हा इतिहास पाहता बहिणीने मूत्रपिंड देणे कितपत सुरक्षित आहे?

मूत्रपिंडतज्ज्ञ, पुणे यांचे उत्तर

आपण आत्याचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची मूत्रपिंडे बिघडत नाहीत. ढोबळमानाने दहापैकी तीन ते चार जणांना हा विकार जडतो. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या आणि इन्सुलिनवाचून न चालणाऱ्या मधुमेहात तर असे दिसले आहे, की विकार सुरू होण्याचे प्रमाण साधारण पंधरा ते वीस वर्षांपर्यंत चढत जाते आणि नंतर उतरते. केवळ साखरच दोषी असती, तर जितकी वर्षे अधिक तितका धोका अधिक, असे सरळ चित्र दिसले असते. ते दिसत नाही, याचा अर्थ काही माणसे मुळातच या बिघाडाला लवकर बळी पडणारी असतात आणि काही त्याला दाद न देणारी असतात.

हा कल घराण्यात एकवटतो का, याचा शोध भावंडांमध्ये घेतला गेला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची भावंडे पाहिली गेली. ज्या रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली होती, त्यांच्या २९ मधुमेही भावंडांपैकी २४ जणांमध्ये विकाराची चिन्हे होती. ज्यांची मूत्रपिंडे चांगली होती, त्यांच्या १२ मधुमेही भावंडांपैकी फक्त दोघांमध्ये ती आढळली. संख्या लहान आहेत, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. अ‍ॅरिझोनातील पिमा या मूळ रहिवासी समाजात दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे सहसा प्रौढपणी होणारा मधुमेह फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिथे १९९० साली दोन पिढ्यांचा हिशेब मांडला गेला. लघवीतून प्रथिने जाणे ही विकाराची खूण धरली होती. आई-वडिलांपैकी कोणाच्याही लघवीतून प्रथिने जात नसतील, तर मधुमेही मुलांमध्ये ते प्रमाण सुमारे १४ टक्के होते. एकाच्या जात असतील तर २३ टक्के आणि दोघांच्याही जात असतील तर ४६ टक्के.

आपल्याला अधिक जवळचा पुरावा चेन्नईचा आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९९ साली दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या दक्षिण भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकारग्रस्त रुग्णांच्या मधुमेही भावंडांपैकी निम्म्यांच्या लघवीतून प्रथिने जात होती आणि आणखी चौथा हिस्सा आरंभीच्या टप्प्यावर होता. ज्यांची लघवी स्वच्छ होती, त्यांच्या भावंडांमध्ये हा विकार जवळपास नव्हताच. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. मधुमेहाचा कल आणि मधुमेहात मूत्रपिंड बिघडण्याचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीही घराण्यातून येते.

तरीही ‘घराण्यातून येते’ आणि ‘जनुकांतून येते’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. भावंडे एकाच ताटात जेवतात, एकाच प्रकारचे मीठ-लोणचे खातात, आणि उच्च रक्तदाबाचा कलही वाटून घेतात. त्याशिवाय जन्माआधीचाही एक वारसा असतो. मूत्रपिंडातील रक्त गाळणारे सूक्ष्म घटक गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा तयार होत नाही. कमी वजनाच्या बाळात त्यांची संख्या कमी असते आणि उरलेल्यांवर जन्मभर जास्त भार पडतो, हा विचार १९८८ पासून मांडला जात आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने दाखवले, की आपली बाळे वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली जन्मतात. आपल्या आजीच्या पिढीतील बाळंतपणे कोणत्या परिस्थितीत झाली, कोणत्या वर्षी दुष्काळ होता, कोणते मूल कितव्या खेपेचे होते, याचा ठसाही वडील, काका आणि आत्या यांच्या मूत्रपिंडांवर वेगवेगळा उमटलेला असू शकतो. तो जनुकीय तपासणीत दिसणार नाही.

आता बहिणीबद्दल. तिचे मूत्रपिंड उत्तम असेल, वडिलांशी जुळेलही; प्रश्न तिच्या पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा आहे. वडील मधुमेही, दोन्ही भाऊ चाळिशीच्या आसपास मधुमेही, आणि घराण्यात मूत्रपिंड बिघडण्याचा कल स्पष्ट. एकतिसाव्या वर्षी साखर प्यायला देऊन केलेली चाचणी निर्दोष आली, तरी पन्नाशीत काय होईल हे ती सांगत नाही. उद्या तिला मधुमेह झाला तर तो दोनऐवजी एका मूत्रपिंडाने सोसावा लागेल. आईचे मात्र तसे नाही. तिचा आणि वडिलांचा रक्ताचा संबंध नाही, साठ वर्षांपर्यंत मधुमेह झालेला नसेल तर पुढचा धोकाही मर्यादित असतो, आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी जवळचे नातेवाईक ठरतात. रक्तगट जुळला नाही, तर दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याची तरतूदही त्या कायद्यात नंतर झाली आहे. माझ्यासमोर हे कुटुंब असते, तर मी आधी आईच्या तपासण्या पूर्ण करून घेतल्या असत्या आणि मुलीला थांबवले असते.

आणि आपण दोघा भावांनी याच आठवड्यात करायची गोष्ट म्हणजे सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. ही चाचणी काही शे रुपयांत होते. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० हा सावधगिरीचा पट्टा, आणि त्यापुढे विकार उघड झालेला असतो. नुसते क्रिएटिनिन पाहून समाधान मानू नये, कारण ते वाढेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

मांडवीतीर (गोवा) यांचे उत्तर

वरील उत्तर मी दोनदा वाचले. त्याला एक जोड द्यावीशी वाटते, कारण आमच्या घरात नेमके त्याच्या उलट घडले.

माझ्या आईला पस्तिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. ती अंगाने काडीसारखी होती. पुढे लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तेव्हा आम्ही नेत असू त्या रुग्णालयात ‘साखरेची किडनी’ असे लिहिले गेले आणि कोणी त्यापलीकडे पाहिले नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. जिथे चौघांत एकाला मधुमेह आहे, तिथे दुसरे काही असू शकेल अशी शंका सहसा येत नाही. आईला ऐकू कमी येत असे, तिच्या दोन्ही भावांनाही कमी ऐकू येत असे, पण ती आम्हाला वयाची गोष्ट वाटली.

नऊ वर्षांनी एका तरुण डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले: डोळ्यांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाच्या खुणा आहेत का (मूत्रपिंड मधुमेहाने बिघडले असेल तर त्या बहुधा असतात), आणि घरात कोणाला बहिरेपणा आहे का? दृष्टिपटलावर मधुमेहाच्या रक्तस्रावाच्या खुणा नव्हत्या, रंगद्रव्याचे वेगळेच ठिपके होते. तपासणीत पेशींतील मायटोकाँड्रियाच्या (ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या) जनुकसंचातील ३२४३ क्रमांकाच्या जागेवरचा बदल निघाला. या एकाच बदलामुळे मधुमेह, बहिरेपणा आणि मूत्रपिंडविकार असे तिन्ही होऊ शकतात. म्हणजे मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडले नव्हते. दोन्ही एकाच मुळातून आले होते. हा वारसा फक्त आईकडून येतो: मुलगे आणि मुली दोघांनाही मिळतो, पण मुलगे तो पुढे देत नाहीत. हे कळल्यावर आईचे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध बदलले गेले, कारण अशा रुग्णांत रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती असते. ती नऊ वर्षे आम्हाला परत मिळणार नाहीत, याचे दुःख मला अजून आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांच्या आणि काकांच्या डोळ्यांची स्थिती काय आहे, सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर गाठी किंवा पाण्याच्या पिशव्या आहेत का, आणि आजीच्या माहेरी कोणाला असा त्रास होता का, हे कृपा करून एकदा विचारा. मूत्रपिंडात अनेक पिशव्या होण्याचा आनुवंशिक विकार आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्यात निम्म्या शक्यतेने उतरतो, आणि अशा माणसाला मधुमेहही असला तर सगळा दोष मधुमेहावर जातो.

जनुकशास्त्राची अभ्यासक, एडिनबरा यांचे उत्तर

मांडवीतीर यांनी सांगितलेला प्रकार आणि अठरा हजार रुपयांची तपासणी यांतील फरक स्पष्ट करावा म्हणून लिहीत आहे, कारण दोन्हींना ‘जनुकीय तपासणी’च म्हटले जाते. पहिल्या प्रकारात एका जनुकातील एक बदल रोग घडवण्यास पुरेसा असतो. बहिरेपणा, सडपातळ अंगकाठी, दृष्टिपटल निरोगी असणे, मूत्रपिंडांत पिशव्या असणे अशी खूण मिळाली, की मूत्रपिंडतज्ज्ञाच्या सांगण्यावरून ठरावीक जनुकाची तपासणी करण्यात अर्थ असतो. दुसऱ्या प्रकारात अनेक जनुकांचे बारीकबारीक परिणाम एकत्र करून धोक्याचा एक आकडा काढला जातो. मधुमेहातील मूत्रपिंडविकाराच्या बाबतीत हा आकडा आज आपल्या डॉक्टरांच्या निर्णयात काहीही बदल करत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ते पैसे खर्च करू नयेत.

मत देऊन थांबणे योग्य नव्हे, म्हणून कारणही मांडते. १९९० च्या दशकात रक्तदाबाशी संबंधित एकेक जनुक घेऊन त्याचा दोष सिद्ध करण्याचे प्रयत्न झाले. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या संप्रेरकाला तयार करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक त्यांत सर्वांत गाजले, पण एका देशात दिसलेला संबंध दुसऱ्या देशात टिकला नाही. खरी प्रगती हजारो लोकांचा संपूर्ण जनुकसंच चाळण्याची सोय झाल्यावर झाली. फिनलंडमध्ये १९९७ साली सुरू झालेला पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा मोठा अभ्यास त्यात आघाडीवर होता, आणि २०१९ साली अनेक देशांनी मिळून सुमारे १९,४०० रुग्णांची माहिती एकत्र तपासली. त्यातून जनुकसंचातील सोळा जागा पुढे आल्या.

त्यांपैकी एक जागा मला विशेष महत्त्वाची वाटते. रक्त गाळणाऱ्या पडद्याचा पाया चौथ्या प्रकारच्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने विणलेला असतो. या प्रथिनाची एक साखळी बनवणाऱ्या जनुकात बिघाड झाला, तर अल्पोर्ट नावाचा आनुवंशिक मूत्रपिंडविकार होतो. त्याच जनुकात एक साधा, बऱ्याच निरोगी लोकांत आढळणारा बदल आहे, आणि तो असलेल्या मधुमेहींना मूत्रपिंडविकाराचा धोका कमी असतो. मधुमेहात हा पडदा हळूहळू जाड होत जातो. हा बदल असलेल्यांमध्ये तो तुलनेने पातळ आढळला. आणि हे संरक्षण ज्यांची साखर सतत जास्त राहते त्यांच्यात अधिक ठळकपणे दिसले. म्हणजे जनुक एकटे बोलत नाही. साखर किती आहे, यावर त्याचे म्हणणे ऐकू येते की नाही हे ठरते.

आपल्या आत्यासारखी माणसे जगभर आहेत. बोस्टनच्या जोस्लिन केंद्रात पन्नास वर्षे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाबरोबर जगलेल्यांना १९७० पासून पदक दिले जाते, आणि त्यांच्यातील अनेकांची मूत्रपिंडे शाबूत आहेत. २०१७ साली अशा लोकांनी मृत्यूनंतर दान केलेली मूत्रपिंडे अभ्यासली गेली, तेव्हा निरोगी राहिलेल्या मूत्रपिंडांत साखर जाळणारी काही विकरे अधिक प्रमाणात आढळली. काय बिघडले हे शोधण्याइतकेच काय टिकले हे शोधणे मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

मात्र २०१९ चा तो अभ्यास युरोपीय वंशाच्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांवर झाला. आपल्या घरातील मधुमेह दुसऱ्या प्रकारचा, घराणे सांगलीचे. तिथले मोजमाप इथे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. अमेरिकन संकेतस्थळांवर एपीओएल१ या जनुकाचा फार उल्लेख असतो, त्याचाही आपल्याशी संबंध नाही. २०१० साली ओळखले गेलेले त्याचे दोन धोकादायक प्रकार पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात. निद्रारोगाच्या परोपजीवीपासून ते संरक्षण देत असल्यामुळे तिथे टिकले. आपल्याकडील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली, तेव्हा आता पायाभरणी झाली आहे इतकेच म्हणता येईल.

एक लहानशी भर पुण्याच्या डॉक्टरांच्या उत्तराला: काही मधुमेहींमध्ये, विशेषतः दुसऱ्या प्रकारात, अल्ब्युमिन न जाताही मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग घटत जातो. म्हणून लघवीच्या गुणोत्तराबरोबर रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला तो वेगही दरवर्षी पाहावा.

मूत्रपिंडतज्ज्ञ, पुणे

ही भर योग्य आहे. मी ती माझ्या उत्तरातच घ्यायला हवी होती. दोन्ही चाचण्या मिळूनच चित्र पूर्ण होते.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण हाती काही घेऊनच लिहावे असे वाटले.

वडिलांच्या आणि काकांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचे बदल आहेत. वडिलांचे लेझर पूर्वीच झाले होते, हे मला आईकडून आता कळले. सोनोग्राफीत पिशव्या नाहीत. आजीच्या माहेरी बहिरेपणा नाही. त्यामुळे आमच्या डॉक्टरांच्या मते हा मधुमेहाचाच मूत्रपिंडविकार आहे. जनुकीय तपासणी आम्ही केली नाही.

माझे गुणोत्तर १४ आले. भावाचे ११२ आले आणि त्याचा रक्तदाब १४८/९४ निघाला. त्याला मधुमेह होऊन एकच वर्ष झाले आहे, त्यामुळे त्याचा यावर विश्वास बसत नाही. आईच्या तपासण्या सुरू झाल्या आहेत. बहीण माझ्यावर रागावली आहे, पण तिने पुण्याच्या डॉक्टरांचे उत्तर वाचले आहे.

मूत्रपिंडतज्ज्ञ, पुणे

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह ‘निघतो’ तेव्हा तो अनेकदा काही वर्षांपासून शरीरात असतो, म्हणूनच निदानाच्या दिवशीच ही चाचणी करायची असते. तरीही एका आकड्यावर शिक्कामोर्तब करू नये. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यांमुळे अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले, तर विकार आहे असे धरतात. रक्तदाबाची वाट मात्र पाहू नये. तो पुन्हा मोजून तसाच निघाला तर उपचार लगेच सुरू व्हावेत.

औषधे जनुके पाहून ठरत नाहीत, आणि इथे आपल्या वडिलांच्या पिढीपेक्षा आपली पिढी भाग्यवान आहे. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांच्या वर्गातील औषधे रक्तदाबाबरोबर मूत्रपिंडाचेही रक्षण करतात. ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचा ४,४०१ मधुमेही मूत्रपिंडरुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याच वर्गातील डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपले, तेव्हापासून ते बहुतेकांना परवडते. ते घेणाऱ्याने कडक निर्जळ उपवास करू नये, आणि उलट्या-जुलाब होत असतील तेव्हा ते डॉक्टरांना विचारून थांबवावे. यांपैकी भावाला काय द्यायचे ते त्याचे डॉक्टर ठरवतील. त्यांना घराण्याचा हा सगळा इतिहास लेखी द्या, तोंडी सांगू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

काल रात्री बसून तो लिहून काढला: आजीपासून आमच्यापर्यंत कोणाला मधुमेह कितव्या वर्षी निघाला, डोळे, लघवी, क्रिएटिनिन, रक्तदाब. काकांच्या दोन मुलांचे रकाने रिकामे राहिले, कारण त्या दोघांनी आजवर साखरही तपासलेली नाही. त्यांना रविवारी घरी बोलावले आहे. आत्याचेही गुणोत्तर काढले, ते ७ आले. भावाचा दुसरा नमुना पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला द्यायचा आहे.